किरण मारलेला कांदा



उन्हाळी कांदा लगेच सोलापूरच्या बाजारात न्यायचा की चाळीत ठेवायचा, हा प्रश्न मुरुम भागात दर साली पडतो. ठेवला, तर पावसाळा सरता सरता कोंब फुटतात. या कोंबावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला 'कृषक' हे केंद्र उभारले. पण पुष्कळांच्या मनात शंका असते, की किरण मारलेल्या कांद्यात किरण शिल्लक राहतात का?

अणूतून निघणारे किरण मुख्यतः तीन जातींचे. अल्फा हे जड कण. हवेत चार-दोन बोटे जातात आणि साध्या कागदानेही अडतात. कातडीसुद्धा त्यांना अडवते. पण असा पदार्थ श्वासातून वा अन्नातून शरीरात गेला, तर तेच फार घातक. बीटा कण हलके. कागद पार करतात, पण काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याशी थांबतात. गोणीच्या मधला कांदा या दोघांच्याही हाती लागत नाही.

तिसरे गॅमा. ते कण नव्हेत, उजेडाच्याच जातीचे, पण फार जोरदार. गोणीतून, कांद्यातून आरपार जातात. जाडी वाढेल तसे कमी होत जातात, एवढेच. लासलगावला कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे किरण निम्मे करायला सुमारे सव्वा सेंटिमीटर शिसे, सहा सेंटिमीटर काँक्रीट किंवा अकरा सेंटिमीटर पाणी लागते. उरलेल्याचे निम्मे करायचे, तर तेवढीच जाडी आणखी! म्हणून अशा केंद्राच्या भिंती नळदुर्गच्या तटासारख्या जाड बांधतात.

उन्हात वाळवलेल्या मिरचीत रात्री ऊन सापडते का? तसेच हे. कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो, कांद्याला शिवत नाही. आणि कांदा स्वतः किरण टाकू लागेल इतका जोर या किरणांत नाही. कोंबाची वाढ तेवढी खुंटते.

मात्र सड याने थांबत नाही. कांदा नीट सुकवून, पिचका-सडका निवडून काढलाच पाहिजे. काढणीनंतर कांदा झोपेत आहे तोवरच किरण द्यावेत. आत कोंब सरकू लागल्यावर फारसा उपयोग नाही. बियाण्यासाठी लावायचे कांदे आधीच बाजूला काढा, किरण दिलेला कांदा त्या कामाचा नाही. लासलगाव आपल्याला लांब पडते, तेव्हा वाहतुकीचा हिशेब चार-पाच जणांनी मिळून आधी मांडावा.