सोळा व्हायोलिनं आणि एक माऊस

संगणकातलं व्हायोलिन खोटं वाजतं अशी तक्रार सगळे करतात. गंमत अशी की ते व्हायोलिन खरंच असतं. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात लिंडहर्स्ट हॉल नावाचं जुनं चर्च आहे, आता तिथे स्टुडिओ आहे. तिथे कसलेले वादक बसवून, एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून घेऊन स्पिटफायर ऑडिओसारख्या कंपनीने आपल्या लायब्ऱ्या, म्हणजे अशा सुरांचे संग्रह, बनवल्या. हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने सुरू केलेल्या व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीने तर या कामासाठी खास स्टुडिओच बांधून घेतला. असे लाखो अस्सल सूर आज हार्ड डिस्कवर मावतात. तरीही पुण्या-नाशिकच्या एखाद्या बेडरूममध्ये तयार झालेलं शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत लागलं, की पहिल्या दहा सेकंदांत आपण म्हणतो, ‘हा कीबोर्ड आहे.’

कारण हे सूर सुटे-सुटे रेकॉर्ड झालेले असतात. वादक एका सुरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा मध्ये बरंच काही घडतं: बोट सरकतं, गजाचा दाब बदलतो, आधीच्या सुराची आस नव्यात मिसळते. मींड आणि कणस्वरांवर वाढलेल्या आपल्या कानाला हा सांधा तुटलेला लगेच कळतो. सुराचा पोत कितीही उंची असो, सांधा नसेल तर काम फसलंच.

तंत्राचा प्रवासही याच सांध्याकडे झाला आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असे. साधारण आठ सेकंद वाजून तो संपे, मग पट्टी सोडायची. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या सुरुवातीच्या बासऱ्या या यंत्रातल्या. १९७९ साली सिडनीतून फेअरलाइट हे यंत्र आलं, सूर डिजिटल झाला, पण स्मृती तोकडी होती. १९९८च्या गिगासॅम्पलरने सूर थेट हार्ड डिस्कवरून वाजवायची सोय केली, तेव्हा कुठे लायब्ऱ्या अवाढव्य होऊ शकल्या. मग लायब्ररीवाले सुरांबरोबर दोन सुरांमधला प्रवासही रेकॉर्ड करू लागले. त्यालाच ‘लेगाटो’ पॅच म्हणतात. घेताना हा आहे की नाही ते आधी बघावं. बाकी जाहिरात नंतर वाचली तरी चालते.

पण पॅच चांगला असला म्हणून काम होत नाही. नवशिक्या हमखास अडकतो तो आवाज कमी-जास्त करण्यात. हॉर्न हळू फुंकला तर गोल, उबदार वाजतो. जोरात फुंकला की त्याला पितळेची धार येते. म्हणजे जोर बदलला की सुराचा रंगही बदलतो. जोरात वाजवलेलं सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला सूर, आवाजाच्या फेडरने खाली ओढलं तर हळू वाजल्यासारखं वाटत नाही, लांबून कोणीतरी ओरडल्यासारखं वाटतं. म्हणून लांब सुरांसाठी बहुतेक लायब्ऱ्यांत कीबोर्डवरचं चाक, मॉड व्हील, नेमलेलं असतं. ते फिरवलं की हळू वाजवलेल्या रेकॉर्डिंगमधून जोरातल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज सरकतो. फक्त आवाज लहान-मोठा करायचा तर ‘एक्स्प्रेशन’ नावाचं वेगळं नियंत्रण असतं.

समजा, चेलोचं एक साधं वाक्य आहे: चार सूर, शेवटचा लांब. १९८३पासून चालत आलेल्या मिडीच्या हिशेबात मॉड व्हीलची किंमत ० ते १२७. पहिला सूर चाळिसाच्या आसपास उचलावा. दुसऱ्यावर चढत जावं, तिसऱ्याच्या मध्यावर पंचाहत्तर गाठावं. चौथ्या सुरावर पोचल्याबरोबर किंचित उतरावं, मग पुन्हा थोडं फुलवावं आणि सूर संपायच्या जरा आधीपासून सोडत जावं. या चढ-उताराची रेघ माऊसने काढली तर सरळ येते आणि ऐकायलाही सरळच वाटते. बोटाने चाक फिरवलं तर ती थरथरते, उशिरा वळते, कधी जास्त चढते. ती थरथर पुसू नये. आणि तो शेवटचा लांब सूर किती लांब असावा? गज जेमतेम पाऊण मीटरचा असतो. जोरात वाजवताना तो काही सेकंदांत संपतो आणि वादकाला दिशा बदलावी लागते. सॅम्पल मात्र तुम्ही पट्टी दाबून चहा करून आलात तरी वाजत राहील. बासरी आणि ओबोचंही तेच. त्यांच्या ओळीत दम घ्यायला जागा सोडली नाही, तर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो.

लेगाटोची एक खोडही माहीत असावी. सांधा वाजायला वेळ लागतो, त्यामुळे नवा सूर आपण ठेवला त्याहून मागे पडतो. काही लायब्ऱ्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त. म्हणून तो सूर ठोक्याच्या आधी सरकवून ठेवावा लागतो. स्क्रीनवर सगळं वाकडं दिसतं, कानाला सरळ लागतं. हे न कळल्याने कितीतरी जण सगळे सूर ठोक्यावर बसवणारं क्वांटाइजचं बटण दाबतात आणि व्हायोलिन, व्हायोला, चेलो सगळ्यांना एकाच रेघेवर उभं करतात. त्यापेक्षा प्रत्येक ओळ हाताने वेगळी वाजवावी. कॉपी-पेस्ट तर नकोच.

संख्येचंही भान लागतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनचे सोळा वादक असतात. त्या सेक्शनच्या पॅचवर तुम्ही पियानोसारखी तीन सुरांची कॉर्ड दाबलीत, की अठ्ठेचाळीस जण वाजायला लागले! खऱ्या मंचावर तेच सोळा जण तीन गटांत वाटले जातात आणि आवाज पातळ होतो. संगणकातला ऑर्गनसारखा फुगलेला आवाज येतो तो या अठ्ठेचाळीस जणांमुळे. द्रुत, तुटक सुरांमध्ये तेच सॅम्पल पुन्हा-पुन्हा वाजलं की मशीनगन चालल्यासारखं ऐकू येतं. त्यावर ‘राउंड रॉबिन’ असतो, म्हणजे त्याच सुराची वेगवेगळी रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजतात. रिव्हर्बबद्दल एवढंच, की हॉलमध्ये रेकॉर्ड झालेल्या लायब्ररीत वादक आपापल्या जागी बसलेलेच असतात. त्यांना पॅनने उठवून दुसरीकडे बसवू नये, आणि वर आणखी एक हॉल चढवू नये.

खर्चाची चिंता असेल तर स्पिटफायरच्या २०१९च्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा लायब्ररीची छोटी आवृत्ती मोफत मिळते. शिकायला ती पुरते.

एक गोष्ट मात्र या महागड्या लायब्ऱ्यांमध्येही मिळत नाही: मुंबईच्या सिनेमातली व्हायोलिनं. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोवेकर अरेंजर्सनी स्टाफ नोटेशनमध्ये लिहिलेल्या ओळी सगळा सेक्शन एकसुरात वाजवायचा, आणि त्यात मींड घ्यायचा. लायब्ररीतल्या पोर्टामेंटोचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याचा, वेग बहुधा ठरलेला असतो. मींडेचा वेग त्या-त्या जागेवर ठरतो. पिच बेंडने ती घ्यायला गेलं तर वीस माणसं एकाच दोरीने ओढल्यासारखी घसरतात. अशा वेळी उपाय खरे वादकच. मोठ्या पाश्चात्त्य ताफ्याचा आवाज हवा म्हणून संगीतकार अजय-अतुल ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. घरगुती बजेटमध्ये ते शक्य नाही, पण एक व्हायोलिनवादक शक्य असतो.

त्याच्याकडून मुख्य ओळ तीन-चार वेळा वाजवून घ्यावी, दर वेळी खुर्ची मायक्रोफोनपासून थोडी हलवून. मींडा कुठे हव्यात ते आधी गाऊन दाखवावं, कारण कागदावर त्या नीट उतरत नाहीत. एकच वादक असला तरी कान त्याच्या बोटांमागे जातो आणि खालच्या सॅम्पल्सना खरं धरून चालतो. मिक्स करताना सॅम्पलचा सेक्शन थोडा मागे ओढावा. नाहीतर मानधन दिलेला वादकच ऐकू येत नाही.