तेल, वीज आणि शेजार
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

एकाकडे जे पिकते ते दुसऱ्याने घ्यायचे, याला व्यापार म्हणतात, असे आपण शाळेत शिकलो. भारत-नेपाळ व्यापाराचा अभ्यास करताना मला मात्र आढळले की, काही माल जमिनीत पिकत नाही. तो दोन देशांच्या करांतील फरकावर पिकतो!

नेपाळ हा भूवेष्टित देश. उत्तरेस चीनची सरहद्द व हिमालय, बाकी तिन्ही बाजूंस भारत. समुद्रमार्गे येणारा त्याचा माल मुख्यतः कोलकाता बंदरातून जातो. म्हणून १९५० पासून दोन्ही देशांत व्यापाराचे आणि मालाच्या वाहतुकीचे करार होत आले. १९८९ साली कराराची मुदत संपली, नव्या कराराच्या स्वरूपावर एकमत होईना, तेव्हा सरहद्दीवरची बहुतेक नाकी बंद झाली आणि नेपाळात इंधनाची टंचाई झाली. १९९१ मध्ये नवे करार झाले.

१९९६ च्या करारात भारताने मोठी सवलत दिली. नेपाळात तयार झाल्याचा दाखला असलेला बहुतेक माल आयात कराशिवाय भारतात येऊ लागला. परदेशी पामतेलावर नेपाळात कर कमी, भारतात जास्त. मग नेपाळी कारखान्यांनी पामतेल आणावे, त्याचे वनस्पती तूप करावे आणि भारतात विकावे, असा धंदा वाढला. भारतातील कारखानदारांनी तक्रार केली. २००२ साली कराराचे नूतनीकरण झाले, तेव्हा मूल्यवृद्धीची अट आली आणि वनस्पती तुपावर वर्षाला १ लाख टनांची मर्यादा पडली.

आपणां सीमाभागातल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या राज्यात पेट्रोलवर कर कमी, त्या बाजूच्या पंपावर गाड्या थांबतात. त्या पंपाचे पेट्रोल काही वेगळे नसते!

तुपाची गोष्ट पुढे तेलाने गिरवली. शुद्ध पामतेलाची आवक वाढली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये भारताने त्याच्या आयातीवर निर्बंध घातले. मग सोयाबीन तेल पुढे आले. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात कर ५.५ वरून २७.५ टक्के केला. म्हणजे १०० रुपयांच्या तेलावर साडेसत्तावीस रुपये कर. तेच तेल नेपाळात शुद्ध होऊन आले, तर भारताचा हा कर चुकतो. वाहतूक व इतर खर्च वजा जाता जे उरते, तोच नफा. नेपाळच्या निर्यातीत सोयाबीन तेल अग्रभागी आले, पण त्यासाठी लागणारे कच्चे तेल दूर अर्जेंटिनासारख्या देशांतून येते. मे २०२५ च्या अखेरीस भारताने कच्च्या तेलावरचा कर १६.५ टक्क्यांवर आणला, आणि तो नफा आकसला.

यात दोष कोणाला द्यावा? तेथील गिरणीत काम करणाऱ्याचे पोट त्यावर आहे. स्वस्त तेल मिळाले तर आपल्या घरातले ग्राहकही खूश. पण बेळगाव जिल्ह्यात, मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याची झळ बसते.

आता विजेकडे वळू. काही वर्षांपूर्वी नेपाळात हिवाळ्यात रोज सोळा-सोळा तास वीज जात असे. तोच देश नोव्हेंबर २०२१ पासून भारताच्या वीजबाजारात वीज विकू लागला. सुरुवात अवघ्या ३९ मेगावॉटची. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. भांडवलही त्याच वाटेने गेले. ९०० मेगावॉटचा अरुण-३ प्रकल्प भारतीय सरकारी कंपनी उभारत आहे आणि त्यातील २१.९ टक्के वीज नेपाळला मोफत मिळायची आहे.

हा माल खरोखर नेपाळचा, त्याच्या नद्यांचा. तरी येथेही अडचणी आहेत. हिवाळ्यात नद्या आटतात आणि नेपाळलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. शिवाय चिनी भांडवल वा चिनी ठेकेदार असलेल्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही, आणि दुसरे मोठे गिऱ्हाईक नेपाळच्या सीमेला लागून नाही.

माझ्या मते फरक एवढाच : करांच्या फरकावरचा व्यापार शेजाऱ्याच्या एका अधिसूचनेने बसतो, स्वतःच्या साधनसंपत्तीवरचा व्यापार टिकू शकतो. पण तारा टाकायला नि धरणे बांधायला वर्षे लागतात. तेवढी वर्षे गिऱ्हाइकाचा शब्द कायम राहील, अशी खात्री विकणाऱ्याला हवी. ती देणे मोठ्या शेजाऱ्याच्या हाती आहे.