मृगाचा किडा कुठे गेला? वेळापूरच्या शिवारातला एक साधा प्रश्न

वेळापूर (जि. सोलापूर) : मृगाचा पहिला पाऊस पडला की वेळापूर-अकलूज पट्ट्यातल्या पोरांचा पूर्वी एकच उद्योग असायचा. ओल्या मातीत लालभडक, मखमली किडे शोधायचे आणि रिकाम्या काड्यापेटीत भरून घरी आणायचे. गावात त्याला मृगाचा किडा म्हणायचे, आमची दादी बीरबहूटी म्हणायची. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन तो गप्प पडून राहायचा. आज त्याच वयाच्या मुलांना हा किडा विचारला, तर मोबाईलवर फोटो दाखवावा लागतो.

असंच दुसरं उदाहरण. पंढरपूरहून रात्री दुचाकीवर यायचं म्हटलं की तोंडाला रुमाल बांधावा लागायचा, नाहीतर डोळ्यांत-तोंडात किडे जायचे. जीपची काच तर वाटेत पुसावीच लागायची. आता काच बऱ्यापैकी स्वच्छ राहते. कोणी म्हणेल, "किडे कमी झाले, बरंच झालं की!" पण ही गोष्ट इतकी सोपी नाही. किडे कमी होण्याचा थेट संबंध आपल्या ताटाशी आणि शेतकऱ्याच्या खिशाशी आहे.

जगात काय मोजलं गेलं?

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक अभ्यासकांनी एक चिकाटीचं काम केलं. 1989 ते 2016 अशी 27 वर्षं त्यांनी 63 संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि त्यात सापडलेल्या उडणाऱ्या कीटकांचं वजन केलं. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा जग हादरलं. वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं होतं. ही ठिकाणं कारखान्यांशेजारची नव्हती, राखून ठेवलेली निसर्गक्षेत्रं होती.

2020 मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून आणखी एक अभ्यास झाला. जमिनीवरचे कीटक दर दहा वर्षांना सरासरी 9 टक्क्यांनी घटत असल्याचं त्यात दिसलं. मात्र गोड्या पाण्यातले कीटक दहा वर्षांना 11 टक्क्यांनी वाढत होते, आणि नद्या स्वच्छ करण्याच्या प्रयत्नांना त्याचं श्रेय असावं असं अभ्यासकांना वाटलं. म्हणजे हे नुकसान भरून येऊ शकतं. माणसाने थोडी जागा सोडली की किडे परत येतात.

इफ्तारच्या ताटात मधमाशी

रमजानच्या संध्याकाळचं ताट डोळ्यांसमोर आणा. खजूर, कलिंगड, खरबूज, डाळिंबाचे दाणे. यात मधमाशीचा वाटा किती?

कलिंगडाच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. परागकण चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. त्या थोड्या तासांत मधमाशीने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या तरच फळ नीट भरतं. फेऱ्या कमी पडल्या तर फळ एका बाजूने वाकडं होतं किंवा गळून पडतं. बाजारात ते वाकडं फळ बागवान बाजूला काढतो आणि दर पाडून मागतो. शेतकरी खताला, बियाण्याला दोष देतो. खरं कारण कधी कधी इतकंच असतं की त्या सकाळी माशी आलीच नाही.

डाळिंबालाही मधमाशीचा आधार लागतो. सोलापूर जिल्ह्याचं नाव ज्या फळाने देशभर नेलं, ज्यासाठी सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्या फळाच्या बागेत मधमाश्या असतील तर फळधारणा वाढते. कांद्याचं बी धरायचं तरी त्या पांढऱ्या गोंड्यांवर माश्या हव्यातच.

ताटातला खजूर मात्र वेगळा. खजुराची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि अरबस्तानात हजारो वर्षांपासून माणूस स्वतः झाडावर चढून नर फुलांचा पराग मादी फुलांना लावतो. खजुराला हे परवडतं, कारण एका घोसात शेकडो फळं लागतात. कलिंगडाच्या पाच एकरांत प्रत्येक फुलाला हाताने पराग लावायचा म्हटलं तर मजुरी किती होईल, याचा हिशेब करून बघा. मधमाशी हेच काम फुकट करते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधतेच्या आंतरशासकीय मंचाने 2016 मध्ये सांगितलं की, जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त प्रकारांना कीटक आणि इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-जास्त फायदा होतो.

आपल्याकडे मधमाश्या मुख्यतः चार प्रकारच्या. उंच झाडावर मोठं पोळं करणारी आग्या, ढोलीत राहणारी आणि पेटीत पाळता येणारी सातेरी, झुडपात छोटं पोळं करणारी फुलोरी आणि डंख न मारणारी बारीक पोयाची माशी. आपल्या जिल्ह्यात तर मोहोळ नावाचा तालुकाच आहे. पण शिवारातली मोहोळं मात्र विरळ होत चालली आहेत.

किडे जातात कुठे?

पहिलं कारण, राहायला जागा नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुका हिरवा झाला. ऊस आला, पैसा आला. पण मैलोन्‌मैल एकच पीक, बांध कोरलेले, बांधावरची बोर-बाभळ तोडलेली, असं झाल्यावर माशीने बारा महिने खायचं काय? उसात मध नाही. रस्ते रुंद झाले, तशी कडेची जुनी झाडंही गेली आणि आग्याचे मुक्काम तुटले.

दुसरं कारण औषधं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं झाडाच्या रसात उतरतात, तिथून फुलातल्या मधात आणि परागात जातात. माशी लगेच मरत नाही, पण तिला घराची वाट सापडेनाशी होते. युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

तिसरं कारण गोठ्यात आहे. जनावरांना जंतासाठी दिलेल्या काही औषधांचा अंश शेणातून बाहेर पडतो. शेणाच्या गोळ्या करून जमिनीत पुरणारा शेणकिडा त्याने मरतो. हा किडा फुकटात जमीन भुसभुशीत करतो आणि खत आत नेतो. ऑस्ट्रेलियात गाईचं शेण हाताळणारे किडे पुरेसे नव्हते, म्हणून तिथल्या सरकारी संस्थेला 1960 च्या दशकात ते परदेशातून आणावे लागले.

आणि मृगाचा किडा? त्याला आठ पाय असतात, म्हणजे शास्त्राच्या भाषेत तो कीटक नाही, कोळ्याच्या कुळातला आहे. पण वर्षातला बहुतेक काळ तो मातीत काढतो. खोल नांगरट आणि औषधं मुरलेली जमीन त्याला सोसत नाही.

मित्र गेला की शत्रू माजतो

"मग डास आणि अळ्या का कमी होत नाहीत?" हा प्रश्न रास्त आहे. फवारणीत सगळे किडे मरत नाहीत. जे चिवट असतात ते वाचतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. डासांना तर छतावरच्या टाकीतलं, कूलरमधलं पाणीही पुरतं. त्यांना खाणारे चतुर मात्र हळू वाढतात आणि त्यांना तळं-ओढा लागतो.

ऊस उत्पादकांना 2002 आठवत असेल. लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्रात आला आणि उसाची पानं पांढरी पडली. फवारणीचं औषध उंच उसात पोचेना. शेवटी त्याला आवर घालण्यात कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा हात होता. शेतकऱ्यांनी एका फडातून दुसऱ्या फडात हे किडे नेऊन सोडले. 2018 मध्ये माळशिरस तालुक्यातल्याच तांदुळवाडीत मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली. अशा पाहुण्यांना रोखणारी फौज शिवारात असावी लागते, आणि ती फौजच आपण मारत आलो आहोत.

चिमणीने सांगितलेली गोष्ट

मुंबईत दहा वर्षांच्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला चौकशीसाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तो मुलगा पुढे पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली म्हणून जगाला माहीत झाला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो.

चिमणी दाणे खाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिची पिल्लं दाण्यावर जगत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. किडा नसेल तर अंगणात कितीही तांदूळ टाका, पिल्लू वाढत नाही. चीनने 1958 मध्ये धान्य वाचवायला चिमण्या मारण्याची मोहीम काढली. चिमण्या संपल्या तसे पिकांवर किडे माजले आणि दोन वर्षांत मोहीम गुंडाळावी लागली.

आपल्या हातात काय आहे?

- पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी करा, माश्या तेव्हा पोळ्यात परतलेल्या असतात.
- बांधाची एक पट्टी तशीच राहू द्या. झेंडू, सूर्यफूल, बडीशेप, कोथिंबीर फुलावर येऊ द्या.
- उसाचं पाचट पेटवू नका, कुट्टी करून सरीत राहू द्या.
- मोहोळ जाळू नका. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली, ती माश्या सांभाळल्यामुळेच.
- घराबाहेरचा दिवा गरजेपुरताच लावा.
- मुलांना मोजायला शिकवा. सप्टेंबरात देशभर फुलपाखरू महिना पाळला जातो. शाळेच्या आवारात किती प्रकारची फुलपाखरं दिसतात, ते वहीत लिहून ठेवायला पैसा लागत नाही.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. मान दिला, आता जागाही द्यायला हवी.

येत्या मृगात पहिला पाऊस झाला की पोरांना घेऊन शिवारात जा. मखमली लाल ठिपका दिसला तर काड्यापेटीत भरू नका. तळहातावर घ्या, पाहा आणि परत मातीत सोडा. नाही दिसला, तर त्या बांधावर पुढच्या वर्षी औषध मारण्याआधी एकदा विचार करा.