बाटलीच्या गळ्यातली मिन्याची पाटी

मद्याच्या बाटलीच्या गळ्यात साखळीने अडकवायची नावाची पाटी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रूढ झाली. तेव्हा मद्य पिंपांतून येई. गडद बाटलीत भरल्यावर आत पोर्ट आहे की मडेरा, हे बाहेरून कळत नसे. म्हणून आधी चांदीच्या पाट्या आल्या.

मिन्याच्या पाट्या त्यामानाने फार थोड्या, आणि सर्वांत देखण्या. लंडनजवळ बॅटरसी येथे स्टीफन थिओडोर जॅन्सन यांनी १७५३ मध्ये कारखाना काढला. तिथे तांब्याच्या पातळ, किंचित बाकदार पत्र्यावर काचेची पांढरी पूड भट्टीत वितळवत. कोरीव ठशावरचे चित्र कागदावर घेऊन त्या पांढऱ्या थरावर उतरवत आणि पुन्हा भाजत. द्राक्षे खुडणारी, पिंपांशी खेळणारी गुटगुटीत बाळे हा आवडता विषय. रावने या फ्रेंच कोरीवकाम करणाऱ्या कलावंताची रेषा त्यांत ओळखू येते. १७५६ मध्ये जॅन्सन यांचे दिवाळे निघाले. जेमतेम तीन वर्षांचे हे काम, त्यामुळे अस्सल नग दुर्मीळ आहेत.

भारतात कोलकात्याची हॅमिल्टन आणि कंपनी चांदीच्या पाट्या घडवी. वाघाची नखे चांदीत मढवून केलेल्या पाट्या तर खास इथल्याच. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज अधिकारी.

या पाट्यांवरचा प्रमाण ग्रंथ एन. एम. पेन्झर यांनी १९४७ मध्ये लिहिला. त्याच पेन्झर यांनी १९२४ ते १९२८ या काळात ‘कथासरित्सागरा’चा इंग्रजी अनुवाद दहा खंडांत संपादित केला होता. लहान वस्तूंना इतका मोठा अभ्यासक लाभावा, हे पाट्या जमवण्याच्या छंदाचे भाग्य.

इंग्लंडमध्ये १८६०-६१ च्या कायद्यांनी सुटी बाटली विकण्यास मुभा दिली, बाटल्यांवर कागदी चिठ्ठ्या आल्या आणि या पाट्या मागे पडल्या. पुढे पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने बॅटरसीच्या मिन्याच्या नकला केल्या. त्यामुळे खरेदी करताना भिंगातून रेषा आणि कडा नीट पाहाव्यात. जुन्या पेटीत अशी पाटी सापडली, तर ती चिंचेने किंवा राखेने घासू नये. मिना काचच आहे. त्याचा टवका उडाला की तो पूर्ववत होत नाही. आधी ती जाणकाराला दाखवावी.