उतारवयातील वाचन आणि ई-पुस्तके

मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. वर्तमानपत्राचा अग्रलेख कसा वाचावा हे मला एका हमाल गृहस्थांनी शिकवले. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीनंतर मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्यावर जातात, आणि पाच महिने हे घरी एकटे. बारीक टाईप दिसेना म्हणून त्यांनी वाचनालयाची वर्गणी बंद केली, तेव्हा मला वाटले की एका माणसाचा हक्कच गेला.

आम्ही चौघांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी एक ई-वाचक घेतला. ही पुस्तकाएवढी हलकी पाटी असते. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असून त्यांत काळे-पांढरे कण असतात. विजेच्या प्रभावाने ते वर-खाली होतात व अक्षर उमटते. उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते. मोबाईलसारखा मागून उजेड डोळ्यांवर येत नाही; ओट्यावर उन्हात बसून कागदासारखे वाचता येते.

खरा लाभ अक्षर मोठे करण्याचा. पण फसगत होते तीही येथेच. ई-पुस्तके मुख्यतः दोन जातींची. पीडीएफ म्हणजे बहुधा छापील पानाचे जणू छायाचित्रच. अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पब ह्या जातीत अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळतात. म्हाताऱ्या माणसासाठी ही दुसरी जात मागावी. पीडीएफच मिळाले, तर मोठ्या पडद्याचा टॅबलेट बरा.

पुस्तके आणावीत कोठून? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठानही मराठी पुस्तके फुकट देते. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके २०११ पासून खुली आहेत. अमेरिकेत तर सार्वजनिक ग्रंथालये नवी ई-पुस्तकेही मुदतीने देतात. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते, दंड नाही. मात्र परवान्याच्या प्रती मोजक्याच, म्हणून तेथेही रांग लागते.

आता मुद्द्याचे बोलतो. पान पलटणे आमच्या गृहस्थांना आठवड्यात जमले. पुस्तक उतरवून यंत्रात भरणे जमले नाही. ते जमलेच पाहिजे, असा हट्ट आपण का धरावा? छापील पुस्तक तरी त्यांनी कधी स्वतः बांधले होते? गावोगावच्या वाचनालयांनी दोन-चार ई-वाचक घ्यावेत, ग्रंथपालाने वाचकाच्या आवडीची पुस्तके भरून ते पुस्तकासारखेच घरी द्यावेत. इंटरनेट लागते ते भरतानाच, वाचताना नाही. आणि ह्या कामाचा दाम ग्रंथपालाच्या पगारात धरावा. समाजसेवा म्हणून त्याला फुकट राबवू नये.

परवा मी गेलो, तर ते ओट्यावर वाचत बसले होते. अक्षर इतके मोठे की पडद्यावर जेमतेम दहा ओळी. म्हणाले, ‘‘पानं लई पलटावी लागतेत. पण माझी वर्गणी भरून ये.’’