स्वादुपिंडाची घडण

चंडीगड हे आपल्या देशातील आखून वसविलेले शहर. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली कागदावर रेषा ओढल्या गेल्या, विभागांना क्रमांक मिळाले, कचेऱ्या कोठे, बाजार कोठे, शाळा कोठे हे ठरले, आणि मग गवंड्यांनी विटा रचल्या. याच शहराच्या बाराव्या सेक्टरमध्ये १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. लोक तिला नुसते ‘पीजीआय’ म्हणतात. मधुमेहापायी ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा काही रुग्णांना तेथे मृत दात्याचे मूत्रपिंड आणि स्वादुपिंड एकाच वेळी बसवितात. शस्त्रक्रिया अवघड खरी. पण त्याहून अवघड असते ते दाता मिळणे. एका घरी शोककळा पसरावी तेव्हा कोठे दुसऱ्या घरी आशेला जागा व्हावी, असा हा प्रकार आहे. तेव्हा मनात सहज येते, की हा अवयव मुळात घडतो तरी कसा? आईच्या उदरात ज्या वाटेने तो एकदा घडला, त्याच वाटेने तो पुन्हा घडविता येईल काय?

प्रथम अवयवाची ओळख करून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. त्याच्या बहुतेक पेशींचे काम पाचक रस तयार करून तो लहान आतड्यात पोचविण्याचे. या पेशींच्या सागरात बेटांसारखे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते प्रथम पाहिले. साऱ्या पिंडात या द्वीपकांचा वाटा शेकडा १ ते २ एवढाच; पण रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन तयार होते ते तेथेच. बालवयात बहुधा जडणाऱ्या मधुमेहाच्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच या इन्शुलिनच्या पेशींचा नाश करते.

आता गर्भाकडे वळू. गर्भधारणेला सव्वीसेक दिवस झाले आहेत. गर्भ अवघा काही मिलिमीटरांचा. त्याच्या अंगातून एक साधी नळी जाते. पुढे तिचेच अन्ननलिका, जठर आणि आतडी होतात. या नळीच्या पेशी दिसायला सारख्याच. प्रत्येकीजवळ साऱ्या शरीराची पोथी आहे. परंतु तिने त्यातले कोणते पान उघडावे हे ठरते शेजाऱ्यांवरून. नळीच्या पाठीमागच्या बाजूस, भावी कण्याच्या जागी, पृष्ठरज्जू नावाचा एक दांडा तिला टेकलेला असतो. नळीत इतरत्र ‘हेजहॉग’ या नावाचा एक रासायनिक संदेश चालू असतो. पृष्ठरज्जूच्या सान्निध्याने तो एवढ्या जागेपुरता थांबतो, आणि तेथे ‘पीडीएक्स-१’ हे जनुक जागे होते. पोटाकडच्या बाजूस याहून निराळा प्रकार. तेथे हृदयाच्या उतींजवळ असलेल्या पेशी यकृताच्या मार्गास लागतात. जरा दूर पडलेल्या स्वादुपिंडाच्या. ज्यांनी अशी वाट धरली, पण ज्यांचे काम अद्याप वाटून दिलेले नाही, त्या जनकपेशी होत.

हे जनुक किती मोलाचे, ते १९९४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. ते काढून टाकले तेव्हा पिल्ले स्वादुपिंडावाचून जन्मली आणि थोड्या दिवसांत दगावली. १९९७ साली स्वादुपिंडच नसलेल्या एका मानवी अर्भकात याच जनुकाचा दोष आढळला.

जनकपेशींच्या वाढीमुळे नळीवर दोन कोंब फुटतात, एक पाठीकडे, एक पोटाकडे. आतडे फिरते तसा पोटाकडचा कोंब वळसा घेऊन मागे जातो, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही एकजीव होतात. त्यांच्या रसवाहिन्या जुळायच्या राहिल्या, तर पिंड जन्मभर दुभंगलेल्या वाहिन्यांचे राहते. असे पुष्कळांचे असते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

कोंब फुटला म्हणजे काम झाले असे नव्हे. चंडीगडची ती संस्था स्थापन झाली त्याच वर्षी, १९६२ साली, गोलोसॉव्ह आणि ग्रोब्स्टाइन या अमेरिकेतील संशोधकांनी उंदराच्या गर्भातील हा कोंब त्याच्या भोवतालच्या मऊ उतीपासून वेगळा केला. एकटा पडताच त्याची घडण थांबली. ती उती परत जवळ आणली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. शेजार सुटला की घडण सुटली.

शेजारच्या पोषक संदेशांवर कोंबाला झाडासारख्या फांद्या फुटतात. शेंड्यांच्या पेशी पुढे पाचक रसाच्या होतात. खोडाकडच्या पेशींतून रसवाहिन्या आणि द्वीपके निपजतात. खोडातील एखाद्या पेशीत ‘न्यूरोजेनिन-३’ हे जनुक जागे झाले, की ती द्वीपकाची वाट धरते आणि शेजारणींना त्याच वाटेने येण्यास मज्जाव करते. या मज्जावात मोठे शहाणपण आहे. सगळ्याच पेशी एकदम इन्शुलिनच्या झाल्या, तर वाढ कोणी करायची? शेतकऱ्याने बियाण्याचे धान्य दळून खाल्ले, तर पुढच्या हंगामाला पेरायचे काय? उंदरांत हा मज्जाव मोडून पाहिला, तेव्हा पेशी अकाली पक्व झाल्या आणि पिंड खुरटे राहिले.

बियाण्याचा हा हिशेब किती कडक असतो, ते २००७ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. उंदराच्या गर्भातील जनकपेशींपैकी काही त्यांनी नष्ट केल्या. यकृताच्या बाबतीत असे केले तेव्हा यकृताने तूट भरून काढली. स्वादुपिंडाने काढली नाही. ते कायमचे लहान राहिले. आरंभीचे भांडवल जेवढे, तेवढाच पुढचा संसार. गरोदरपणी प्रथिने कमी मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांतही इन्शुलिनच्या पेशी कमी आढळल्या आहेत. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. तरी आईच्या ताटाकडे निष्काळजीपणे पाहू नये, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शास्त्रज्ञ मूळपेशींना प्रयोगशाळेत गर्भाचाच मार्ग दाखवितात. जो संदेश ज्या क्रमाने गर्भात मिळतो, तो त्याच क्रमाने त्यांना देतात. शेवटी ज्या पेशी हाती येतात त्या इन्शुलिन करतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पेशींची पूर्ण मात्रा १२ रुग्णांच्या यकृताच्या शिरेत सोडली होती. वर्षानंतर त्यांपैकी १० जणांना बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते. मात्र शरीराने या परक्या पेशी झिडकारू नयेत म्हणून त्यांना औषधे घ्यावी लागतात, आणि ती औषधे निर्धोक नाहीत. शिवाय एवढ्या थोड्या रुग्णांवरून अखेरचा निवाडा करता येत नाही.

चंडीगडचा नकाशा हवा तेव्हा उलगडून पाहता येतो. स्वादुपिंडाचा असा नकाशा कोणी काढून ठेवलेला नाही. पोथी प्रत्येक पेशीजवळ आहे. पण तिची पाने कोणत्या क्रमाने उघडतात, हे गर्भातील पेशींच्या शेजारधर्माकडे पाहूनच शिकावे लागते. तो पाठ जसजसा पुरा होईल, तसतशी त्या बाराव्या सेक्टरमध्ये दात्याची वाट पाहत बसलेल्या रुग्णाची प्रतीक्षा कमी होत जाईल.