रात्रीचा टाइम-लॅप्स : फिरतं कोण, तारे की जमीन?



'पृथ्वी स्वतःभोवती फिरते' हे वाक्य मुलांना पाठ असते. पण "मग ते दिसत का नाही?" असे एखाद्याने विचारले, की आपण पृथ्वीगोल आणि टॉर्च काढतो. प्रयोग चांगलाच आहे, पण त्यात मूल पृथ्वीकडे बाहेरून बघते. आपण तर पृथ्वीवरच बसलोय! इथूनच तिचे फिरणे दाखवायला रात्रीचा टाइम-लॅप्स उपयोगी पडतो.

टाइम-लॅप्स म्हणजे काय?
ठरावीक वेळाने एकेक फोटो काढायचा आणि नंतर ते भराभर एकापुढे एक दाखवायचे. रात्री उजेड कमी, म्हणून प्रत्येक फोटोसाठी शटर १५-२० सेकंद उघडे ठेवतात. कॅमेरा हलू नये म्हणून स्टँड हवाच.

मुलांना हे गणित घाला
दर ३० सेकंदांना १ फोटो, तर ४ तासांत ४८० फोटो. सेकंदाला २४ फोटो दाखवले तर फिल्म २० सेकंदांची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ तासांत ६० अंश. हे सगळे २० सेकंदांत डोळ्यांसमोर!

पण इथेच एक अडचण आहे
या फिल्ममध्ये डोंगर जागेवर राहतात आणि तारे सरकतात. मूल लगेच म्हणेल, "तारेच फिरतात की!" म्हणजे जो गैरसमज घालवायचा, तोच पक्का झाला. कारण स्टँड जमिनीवर आहे, कॅमेराही पृथ्वीबरोबर फिरतोय.

यावर उपाय लडाखमधील हानले येथे बघायला मिळतो. या गावाजवळ सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील अभियंते दोर्जे अंगचुक यांनी २०२५ च्या सुरुवातीला एक टाइम-लॅप्स प्रसिद्ध केला. त्यात कॅमेरा ताऱ्यांच्या गतीने वळत राहतो. त्यामुळे तारे स्थिर दिसतात आणि चक्क जमीन फिरताना दिसते!

वर्गात काय कराल?
दोन्ही प्रकारच्या फिल्म एकापाठोपाठ दाखवा आणि विचारा, "दोन्ही खऱ्या आहेत, मग फिरतं कोण?" एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडे आठवायला सांगा. सगळे तारे एकाच वेगाने, एकत्र, ध्रुवाभोवती फिरतात, की आपण एकटे फिरतो? मुलांना वाद घालू द्या. नुसत्या फिल्मवरून याचा निकाल लागत नाही, हेही सांगा. जमीन फिरते हे फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसला लंबक टांगून दाखवले.

घरी करून बघा
अमावस्येच्या आसपास, निरभ्र रात्री, गावाबाहेर मोबाइल स्टँडवर उत्तरेकडे लावा. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १६ ते २२ अंशांवर असतो. हात लांब केला तर सुमारे दोन मुठी वर.

शहरात मात्र दिव्यांच्या झगमगाटात मोजकेच तारे दिसतात. हानलेचा परिसर २०२२ मध्ये अंधार राखण्यासाठी राखीव झाला. आपल्या शाळेच्या गच्चीवरून किती तारे दिसतात, ते मुलांकडून एकदा मोजून तर घ्या!